अंड्यालाही आणि रश्श्यालाही : दुहेरी कोंबडीचा इतिहास



आजचा विषय कोंबडी. काही शाकाहारी मंडळी इथेच थांबतील, पण थांबू नका, आज रेसिपी नाही. आज इतिहास आहे, आणि तो इंग्लंडच्या कॉर्नवॉलपासून झाबुआपर्यंत पसरलेला आहे.

बाजारात 'गावरान' म्हणून जी रंगीत कोंबडी मिळते, तिच्याकडे कधी नीट बघितलंय का? पुण्यात, इंदुरात, बडोद्यात, हैदराबादेत, बेळगावात, कुठेही बघा. तांबूस-काळी पिसं, जाड पाय, वजन दोन किलोच्या पुढे. विकणारा शपथेवर सांगतो, एकदम गावरान. माझ्या मते दहातल्या बऱ्याच कोंबड्या तशा नसतात. त्या असतात गिरिराज, वनराजा, कावेरी, नाहीतर त्यांची पुढची पिलावळ. या फसवणुकीवर मला आज बोलायचं नाही. मला बोलायचंय ते या पक्ष्यांमागच्या एका जुन्या हट्टावर. एकच कोंबडी अंडीही भरपूर देईल आणि अंगानेही भरेल, हा तो हट्ट. तो पुरा करणं किती अवघड आहे हे कळलं, की कोंबडी पाळणाऱ्या बाईच्या हातात काय आलं आणि हातातून काय गेलं, तेही कळतं.

मूळ लवकर उरकतो. पाळीव कोंबडी तांबड्या रानकोंबड्यापासून आली, असं चार्ल्स डार्विनने १८६८ च्या ग्रंथात मांडलं. त्याने स्वतः वेगवेगळ्या जाती एकमेकींत लावून बघितल्या. काळ्या आणि पांढऱ्या पक्ष्यांच्या संकरातून मध्येच रानकोंबड्यासारखी तांबडी पिसं उगवलेली त्याला दिसली. २०२० मध्ये ८६३ पक्ष्यांच्या जनुकसंचांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दक्षिण-पश्चिम चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या पट्ट्यातल्या तांबड्या रानकोंबड्याशी पाळीव कोंबडीचं सगळ्यात जवळचं नातं निघालं.

पण एक गोष्ट डार्विनच्या नजरेतून सुटली होती. कोंबडीची कातडी आणि पाय पिवळे असतात ना, तो पिवळेपणा तांबड्या रानकोंबड्याचा नाही. २००८ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं, की ते जनुक राखी रानकोंबड्याकडून आलंय. राखी रानकोंबडा म्हणजे आपल्या सह्याद्रीतला. महाबळेश्वरला, आंबोलीला, भीमाशंकरला पहाटे जो तुटक तुटक आरवतो, तोच. म्हणजे कोंबडीतला एक फार जुना संकर भारतीय उपखंडातला आहे, आणि तो कुठल्या सरकारी केंद्राने केलेला नाही. रानातला कोंबडा वस्तीजवळ आला, एवढंच.

आता असील. हा पक्षी आज आंध्र, तेलंगण, छत्तीसगड, ओडिशा या भागात जास्त दिसतो. शब्द अरबी आहे. असील म्हणजे खानदानी, शुद्ध रक्ताचा. आपला 'अस्सल' त्याच घरातला, आणि वकिलाचा 'अशील'सुद्धा. असील कोंबडा ताठ उभा राहतो, छाती रुंद, मान लांब, पिसं अंगाला घट्ट चिकटलेली. तुरा वाटाण्याच्या शेंगेसारखा बसका, म्हणजे झुंजीत प्रतिस्पर्ध्याच्या चोचीत सापडू नये असा. या पक्ष्याला माणसाने शतकानुशतकं झुंजीसाठी निवडलं. त्याची कोंबडी अंडी मात्र थोडीच घालते. घातली की त्यांच्यावर बसते, आणि पिल्लांजवळ मांजर आलं तर मांजराची धडगत नसते.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल लष्करातला एक अधिकारी होता, वॉल्टर रॅले गिल्बर्ट. मूळचा कॉर्नवॉलमधल्या बॉडमिनचा. भारतातून नेलेले असील त्याने तिथल्या झुंजी कोंबड्यांशी जुळवले असं सांगतात. पुढे त्यात मलायी रक्तही आलं. उद्देश एकच होता, झुंजीत जिंकणारा कोंबडा. तो उद्देश साफ फसला. नवा पक्षी जड झाला, मंद झाला, रिंगणात हरू लागला. पण खाटकाने त्याच्या छातीवर हात ठेवला आणि त्याला कळलं की इतकं मांस दुसऱ्या कुठल्याच कोंबडीच्या छातीवर नाही. इंग्लंडमध्ये त्याचं नाव पडलं 'इंडियन गेम'. अमेरिकेत गेल्यावर नावातला 'इंडियन' गळाला आणि उरलं 'कॉर्निश'.

हे नाव लक्षात ठेवा. आज जगात कुठेही, अगदी कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्यातसुद्धा, जो ब्रॉयलर शिजतो त्याची बापाकडची बाजू कॉर्निशची असते. म्हणजे असील आपल्याकडून गेला, दीडशे वर्षं परदेशात राहिला आणि पांढरी पिसं लावून परत आला. आपण त्याला ओळखलंच नाही.

त्याच काळात अमेरिकेत कोंबड्यांचं वेड शिरलं होतं. त्याला तिकडे 'हेन फीव्हर' म्हणत. आशियातून येणाऱ्या भल्यामोठ्या कोंबड्यांसाठी लोक वेड्यासारखे पैसे मोजत. मॅसॅच्युसेट्सचा जॉर्ज बर्नहॅम नावाचा एक व्यापारी फार हुशार होता. १८५२ मध्ये त्याने नऊ राखाडी कोंबड्या चक्क राणी व्हिक्टोरियाला भेट म्हणून पाठवल्या. वर्तमानपत्रांत बातमी आली आणि त्याच्या पक्ष्यांचे भाव चढले. नंतर त्यानेच या वेडाची टिंगल करणारं एक पुस्तक लिहिलं, म्हणजे कमाई दोन्ही बाजूंनी. या कोंबड्यांना नाव मिळालं 'ब्रह्मपुत्रा', पुढे नुसतंच 'ब्रह्मा'. त्या बऱ्याचशा शांघायच्या बंदरातून गेल्या होत्या आणि त्यांत चितगावकडच्या मोठ्या राखाडी कोंबडीचं रक्त मिसळलं असावं. नदीचं नाव बहुधा विक्रीसाठीच. 'गावरान' म्हणून काहीही विकण्याची कला आपली एकट्याची नाही, हे सांगायला मला हा किस्सा आवडतो.

वेड ओसरलं, पण रक्त उरलं. मोठ्या आशियाई कोंबड्या अमेरिकन शेतकऱ्याच्या अंगणात आल्या होत्या. तिथे आधीपासून छोट्या, चपळ, अंडी देणाऱ्या कोंबड्या होत्याच. दोन्ही एकमेकींत मिसळल्या आणि त्यातून दुहेरी कोंबडीचा सुवर्णकाळ सुरू झाला. ऱ्होड आयलंड हे अमेरिकेचं सगळ्यात लहान राज्य. १८५४ च्या सुमारास तिथल्या विल्यम ट्रिप नावाच्या एका जहाजी माणसाने खलाशाकडून तांबडा मलायी कोंबडा घेतला आणि आपल्या कोंबड्यांत सोडला. पिल्लं जास्त अंडी देऊ लागली, आणि अंगानेही चांगली भरली. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी तीच पिल्लं नेली. कोचीन, जावा, लेगहॉर्न असं काय काय त्यात पडत गेलं आणि तयार झाली 'ऱ्होड आयलंड रेड', आपल्याकडची 'आरआयआर'. या कोंबडीचं अॅडम्सव्हिल गावात १९२५ पासून स्मारक आहे. कोंबडीचं! आपल्याकडे पुतळ्यांची कमी नाही, पण कोंबडीचा एकही नाही.

आरआयआर, प्लिमथ रॉक आणि आरआयआरमधूनच निवडून काढलेली न्यू हॅम्पशायर या सगळ्या एकाच विचाराच्या कोंबड्या. कोंबडीने वर्षभर अंडी द्यावीत, तिच्या पोटच्या कोंबड्यांनी रविवारचं जेवण व्हावं, आणि म्हातारी झाली की तिनेही. शेतकऱ्याच्या घरात ना मादी वाया जाते ना नर.

इथे जरा थांबून शरीराचं गणित समजून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कोंबडीने खाल्लेला दाणा तीन ठिकाणी जातो. जगण्यासाठी, वाढण्यासाठी आणि अंड्यासाठी. शरीर मोठं असेल तर नुसतं जगण्यालाच जास्त दाणा लागतो. त्याखेरीज वेगाने वाढणाऱ्या कोंबडीचं अंडाशय बिघडतं, एका वेळी दोन-दोन बलक सुटतात, अंडी पोटातच फुटतात. ब्रॉयलरच्या आया असतात त्यांना मोजून मापून, खरं तर उपाशी ठेवूनच, अंड्यावर आणावं लागतं. पिढ्यानपिढ्या वजनासाठी निवड करत गेलात की अंडी घटतात, आणि अंड्यांसाठी निवड करत गेलात की अंग आक्रसतं. दोन बैल विरुद्ध दिशांना ओढतायत असं समजा. दुहेरी कोंबडी म्हणजे या दोन बैलांमध्ये केलेली तडजोड. ती दोन्ही कामं करते, पण दोन्हींत पहिली येत नाही.

मग धंद्याने तडजोड मोडली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ए अँड पी नावाच्या मोठ्या किराणा साखळीने 'उद्याची कोंबडी' या नावाची स्पर्धा भरवली. देशभरातून अंडी मागवायची, एकाच ठिकाणी उबवायची, सगळी पिल्लं एकाच खाद्यावर १२ आठवडे वाढवायची आणि मग कापून तोलायची. १९४८ च्या राष्ट्रीय फेरीत पहिला आला कॅलिफोर्नियाचा चार्ल्स व्हँट्रेस. त्याचा पक्षी म्हणजे लाल कॉर्निश आणि न्यू हॅम्पशायर यांचा संकर. १९५१ मध्येही तोच जिंकला. म्हणजे असीलची छाती आणि दुहेरी कोंबडीची वाढ एकत्र आली. या क्षणापासून मांसाची कोंबडी वेगळी झाली. पुढे पांढऱ्या प्लिमथ रॉकने आईची जागा घेतली, आणि १२ आठवड्यांचं काम सहा आठवड्यांच्या आत आलं.

अंड्यांच्या बाजूला इटलीतून आलेली व्हाइट लेगहॉर्न जिंकली. अंग दीड किलोच्या आसपास, वर्षाला ३०० च्या वर अंडी. ती अंड्यांवर बसतच नाही, बसायचं असतं हेच तिच्या रक्तातून काढून टाकलंय. मग प्रश्न आला तिच्या भावांचा. अंडी देणाऱ्या जातीचा नर अंडं देत नाही आणि अंगानेही भरत नाही. त्याला खायला घालणं परवडत नाही. म्हणून जगभरच्या उबवणी केंद्रांत तो पहिल्याच दिवशी मारला जातो. जर्मनीने २०२२ च्या सुरुवातीपासून यावर कायद्याने बंदी घातली आणि तिथे अचानक पुन्हा दुहेरी कोंबडीची चर्चा सुरू झाली. आमच्या आज्यांना हे ऐकून हसू आलं असतं. ज्या नराला धंदा कचरा समजतो, तोच अंगणातल्या कोंबडीपालनातला रोख पैसा असतो. आखाडात, शिमग्याला, म्हसोबाच्या नैवेद्याला कोण विकला जातो? अंडी घरात खर्ची पडतात, पण कोंबडा विकला की पोरांची वह्या-पुस्तकं येतात.

भारतात हे सगळं कसं पोचलं? स्वातंत्र्यानंतर सरकारी शेतांनी आरआयआर आणि लेगहॉर्न आणल्या. गावातले देशी कोंबडे काढून घ्यायचे आणि त्यांच्या जागी सुधारित कोंबडे द्यायचे, म्हणजे पुढची पिढी आपोआप सुधारेल, असा हिशोब होता. मुंबईच्या आरे कॉलनीत, भुवनेश्वरला, चंदीगडला, बंगळुरूजवळ हेसरघट्टा इथे केंद्र सरकारच्या कुक्कुट विकास संस्था उभ्या राहिल्या. महाराष्ट्रात खडकी, कोल्हापूर, नागपूर, औरंगाबाद इथे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आली. दुसऱ्या बाजूने मोठा उद्योग वाढला. १९७१ मध्ये बी. व्ही. राव यांनी सुरू केलेला वेंकटेश्वरा हॅचरीज समूह पुण्यात विस्तारला, आणि १९८२ मध्ये अंडी उत्पादकांची समन्वय समिती झाली. 'संडे हो या मंडे' आठवतं ना? त्याच समितीची ती जाहिरात. या उद्योगाने देशाला स्वस्त अंडं दिलं, हे मान्यच करायला हवं. पण ही कोंबडी पिंजऱ्यातली. तिला अंगणात सोडली तर ती घारीला लांबूनच दिसते, पांढरीशुभ्र असल्यामुळे. पोट भरायला तिला तयार खाद्य लागतं. तिच्या अंड्याला आणि मांसाला 'गावरान'चा भाव मिळत नाही. ज्या बाईकडे पाच कोंबड्या, एक डालगं आणि चुलीमागची जागा एवढंच भांडवल आहे, तिला या क्रांतीतून थेट काही मिळालं नाही.

ही फट १९८९ मध्ये बंगळुरूने ओळखली. हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, तेव्हाच्या कृषी विद्यापीठाच्या कुक्कुट विभागाने, 'गिरिराजा' तयार केली. रंगीत पिसं, तपकिरी अंडं, अंगणात हिंडून खाणारी, देशीच्या दुपटीहून जास्त अंडी देणारी आणि कोंबडा झटपट वजनावर येणारा. आपल्याकडे आल्यावर शेवटचा काना गळाला, 'गिरिराज' झाली. रंग आणि तपकिरी कवच या गोष्टी दिसायला किरकोळ आहेत, पण माझ्या मते तिथेच त्या शास्त्रज्ञांची खरी समज दिसते. त्यांनी बाजार आधी बघितला. पांढऱ्या कोंबड्याला जत्रेत कोण विचारतो?

हैदराबादला १९८८ मध्ये केंद्राचं कुक्कुट संशोधन संचालनालय स्थापन झालं, आणि तिथून 'वनराजा' आली. तिची एक गोष्ट मला फार आवडते. तिच्या बापाकडच्या वंशात निवड करताना सहा आठवड्यांच्या पिल्लाच्या नळीची, म्हणजे पायाच्या पिसं नसलेल्या भागाची, लांबी मोजली जाते. लांब नळीचा पक्षी अंगानेही मोठा होतो, हे एक कारण. दुसरं कारण अगदी साधं : अंगणात मुंगूस आलं तर त्याला पळता यायला हवं. प्रयोगशाळेत बसून मुंगसाचा विचार करणारा माणूस मला भेटायला आवडेल. वनराजा अंगणात वर्षाला ११० च्या आसपास अंडी देते असं संचालनालय सांगतं. त्यांचीच 'ग्रामप्रिया' अंड्यांकडे जास्त झुकलेली. देशी कोंबडी तीन-चार वेळा मिळून ४० ते ६० देते. फरक उघड आहे.

तिसरी वाट खाजगी होती. गुडगावच्या केग फार्म्सचे विनोद कपूर १९६७ पासून या धंद्यात होते. १९९१ नंतर परदेशी पैदास कंपन्यांना दार उघडलं, तेव्हा त्यांच्याशी पिंजऱ्यातल्या कोंबडीत लढण्याऐवजी ते गावाकडे वळले आणि त्यांनी 'कुरॉयलर' काढली. कोंबडीपेक्षाही त्यांची विक्रीची रीत बघण्यासारखी आहे. एक दिवसाचं पिल्लू थेट गावात दिलं तर थंडीने, मानमोडीने किंवा मांजराने मरतं. म्हणून मध्ये छोटी संगोपन केंद्रं उभी केली. तिथे पिल्लं काही आठवडे उबेत वाढतात, लसी टोचून होतात, आणि मग सायकलवाले फेरीवाले टोपल्यांत घालून ती गावोगाव विकतात. पुढे अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या मदतीने ही कोंबडी युगांडात गेली आणि तिथेही रुजली. महाराष्ट्र सरकारच्या योजनेत २५ तलंगा आणि तीन नर असा गट देतात, त्यामागे हीच अक्कल आहे. नाजूक वय दुसऱ्याने काढायचं, गावात पोचेल तो टणक झालेला पक्षी.

मानमोडीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. तिचं दुसरं नाव राणीखेत. १९२० च्या दशकाच्या शेवटी कुमाऊँच्या राणीखेतला ती ओळखली गेली, म्हणून भारतात हे नाव. जगात तिला न्यूकॅसल म्हणतात. जात कितीही सुधारा, लासोटाचे दोन थेंब वेळेवर पडले नाहीत तर एका रात्रीत डालगं रिकामं होतं. गावठी कोंबडी रोगाला दाद देत नाही हा समज निम्माच खरा आहे. मानमोडी गावठीलाही सोडत नाही.

आता येतो मी खुडूक कोंबडीकडे. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासाचा गाभा इथेच आहे.

देशी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक बसते. अंग फुगवते, हात लावला की चोच मारते, दाणा-पाणी विसरते. २१ दिवस अंड्यांवर आणि नंतर दोनेक महिने पिल्लांमागे. एवढ्या काळात एकही अंडं नाही. अंडी मोजणाऱ्याच्या वहीत हे सगळे दिवस तोट्याचे. म्हणून जास्त अंड्यांसाठी केलेल्या प्रत्येक निवडीत नकळत खुडूकपणा कापला जातो. आरआयआरमध्ये तो कमी झाला, लेगहॉर्नमध्ये संपला, आणि गिरिराज-वनराजा यांच्यातही जवळपास नाहीच.

पण त्या बाईच्या दृष्टीने खुडूक कोंबडी म्हणजे काय होती? ती फुकटातलं उबवणी यंत्र होती, वीज न लागणारी हीटर होती, घारीवर नजर ठेवणारी राखणदार होती. तिच्यामुळे बाईला पिल्लू कधी विकत घ्यावंच लागलं नाही. नवी कोंबडी तिला दुप्पट अंडी देते, पण तिची पुढची पिढी देत नाही. पिल्लं हवीत? पुन्हा केंद्रात जा, पुन्हा पैसे भरा, पुन्हा वाट बघा.

बायकांनी यावर लगेच तोड काढली. माझी आत्या शहाद्याजवळ राहायची. योजनेतल्या कोंबड्या गावात आल्या तेव्हा तिने दोन गावठी कोंबड्या मुद्दाम राखल्या, अंड्यांसाठी नाही, बसायला. गिरिराजची अंडी गावठीच्या पोटाखाली ठेवायची. लहानखुरी गावठी कोंबडी मोठमोठ्या पिल्लांमागे तुरुतुरु धावायची आणि बघता बघता पिल्लं तिच्याएवढी दिसायची. बाजूचे लोक हसायचे. आत्या म्हणायची, "हसा लेको, दूध म्हशीचं आनी वासरू गायीमागे, असं चाललंय माझं."

ही तोड पहिल्या पिढीपुरती छान चालते. मग शास्त्र आडवं येतं. गिरिराज किंवा वनराजा ही वेगवेगळ्या वंशांच्या मीलनातून आलेली असते आणि तिच्या ताकदीत संकरजोमाचा मोठा वाटा असतो. तिचीच अंडी उबवली की पुढच्या पिढीत पत्ते पुन्हा पिसले जातात. एक पिल्लू बापासारखं, एक आजीसारखं, एक कुणासारखंच नाही. सरासरी खाली येते. त्यातच गावातले कोंबडे मोकळे फिरतात. चार-पाच वर्षांनी गावात ना नवी जात शुद्ध उरते, ना जुनी. अंगाने थोराड, अंड्याला मध्यम आणि बसायला नाखूश अशी सरमिसळ उरते. मी नवापूर-शहादा पट्ट्यात आणि अलीराजपूरकडे हिंडलो तेव्हा अंगणांत मला सगळ्यात जास्त हीच दिसली. बाजारातली 'गावरान' बहुतेक वेळा हीच.

शास्त्रज्ञांना हे कळत नव्हतं असं नाही. बरेलीजवळ इज्जतनगरला १९७९ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने उलट दिशेने विचार केला. परदेशी कोंबडीला भारतात रुळवण्याऐवजी देशी जातीलाच निम्मा वाटा द्यायचा. असील आणि संस्थेची सुधारित लाल कोंबडी यांची 'निर्भीक', कडकनाथपासून 'श्यामा', उलट्या वळणाच्या पिसांच्या देशी कोंबडीपासून 'उपकारी', मानेवर पिसं नसलेल्या कोंबडीपासून 'हितकारी'. शेवटच्या दोघींत युक्ती उन्हाळ्याची आहे. पिसं कमी किंवा वळलेली असली की अंगातली उष्णता बाहेर जाते. विदर्भातल्या मे महिन्यात हा गुण दहा अंड्यांपेक्षा मोलाचा.

नंतर देशभरच्या विद्यापीठांत प्रदेशागणिक पक्षी निघाले. उदयपूरची 'प्रतापधन' मेवाडी कोंबडीवर उभी, आसामची 'कामरूपा' तिथल्या गावठीवर, जबलपूरची 'नर्मदानिधी' कडकनाथवर, पालमपूरची 'हिमसमृद्धी' हिमाचलच्या कोंबडीवर. रांचीच्या पक्ष्याचं नाव 'झारसीम'. झार म्हणजे झारखंड, आणि सीम म्हणजे तिथल्या आदिवासी भाषांत कोंबडी. सरकारी जातीला कोंबडी पाळणाऱ्यांच्याच भाषेतलं नाव मिळालं, याचं मला अप्रूप वाटतं.

कडकनाथवर वेगळा भाग करावा लागेल, इतकं ते प्रकरण मोठं आहे. झाबुआच्या भिल्ल-भिलालांनी राखलेली ही काळी कोंबडी पाच महिन्यांत साधारण किलोभर होते. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं, भाव वाढले आणि लगेच २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ पालनाच्या नावाने शेतकऱ्यांची फसवणूक झाल्याच्या तक्रारी पोलिसांत गेल्या. बर्नहॅमचं वेड आठवा. पण संकराच्या दृष्टीने कडकनाथमध्ये एक गंमत आहे. तिचा काळेपणा संकरातही बऱ्याच अंशी उतरतो. त्यामुळे मिश्र पिल्लूही काळं दिसतं, आणि नुसता रंग बघून घेणारा गिऱ्हाईक फसतो.

२०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून जास्त कोंबड्या-बदकं मोजली गेली. त्यांतली ३१ कोटी ७० लाख अंगणातली. आधीच्या गणनेपेक्षा अंगणातली संख्या जवळपास ४६ टक्क्यांनी वाढली, आणि व्यापारी पक्ष्यांची जेमतेम साडेचार टक्क्यांनी. या वाढीत दुहेरी संकरांचा हात आहे असं मी समजतो. त्यामुळे 'देशी वाचवा, संकर हटवा' असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. ज्या घरात अंडं विकत आणणं परवडत नाही, तिथे वर्षाला ५० ची ११० अंडी होणं ही चैन नाही. पण दुहेरी म्हणवणाऱ्या पक्ष्यात अंडी आणि मांस ही दोनच कामं मोजली गेली, आणि तिसरं, बसण्याचं, हिशोबात धरलंच नाही, ही माझी तक्रार उरतेच. खुडूकपणा राखून अंडी थोडी वाढवता येतील का, असा प्रयोग करायला देशी जातींचे शुद्ध कळप हातात असावे लागतात.

असे कळप आपल्या शेजारीच आहेत. राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने नोंदवलेल्या कोंबडीच्या जातींत 'बसरा' आहे, गुजरात आणि महाराष्ट्राच्या सीमेवरची, नंदुरबारकडची. रंग एकसारखा नाही, अंग लहान, अंडी थोडी, आणि वेळ आली की गपचूप कोपरा धरून बसणारी. पुढच्या वेळी नंदुरबारच्या आठवडी बाजारात गेलात तर टोपलीतल्या लहान कोंबडीची किंमत विचारा. मोठीपेक्षा ती जास्त सांगतात. का, ते विकणारी बाई तुम्हाला माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगेल.